शाळेची जुनी बस आणि उतारवयातील प्रवास

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात अमळनेर येथे केलेले भाषण)



‘निवृत्तांचे जीवन’ या विषयावर चार शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय मोठा आणि वक्ता लहान, अशी स्थिती आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांकडून पाढे घोकून घेता घेता निवृत्त झालेला मास्तर. तेव्हा निवृत्तीचे तत्त्वज्ञान मी सांगत बसत नाही; १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर ज्या गावात आहे, त्या गावात ते धाडस कोणी करूही नये. दुपारच्या बैठकीपुढे जी एक सूचना येणार आहे तिच्यापुरतेच मी बोलतो.

सूचना अशी आहे. जवळच्या एका शिक्षणसंस्थेची बस चौदा वर्षांच्या सेवेनंतर विक्रीस निघाली आहे. ती मंडळाने घ्यावी, आतील बाके काढून तीत निजण्याबसण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतेची सोय करावी, आणि आपल्या ज्ञातीतील निवृत्त दांपत्यांना पाळीपाळीने तीतून प्रवासाला पाठवावे. सुचविणारे गृहस्थ एस.टी.च्या कार्यशाळेत आयुष्य घालविलेले आहेत. त्यांच्या हातातील कसब सर्वांना ठाऊक आहे, आणि कल्पना ऐकताच मनाला भुरळ पडते हे मीही नाकारीत नाही.

पहिला आक्षेप बसवर नाहीच, तो माणसांवर आहे, म्हणून तो आधी निकालात काढतो. सूचना बाहेर पडताच दोनचार घरांतून कुजबुज ऐकू आली : “म्हातारा-म्हातारी गाडीत राहायला निघाली, म्हणजे मुलांनी घराबाहेर काढले की काय?” सज्जनहो, चाकांवर राहण्याचे आपल्याकडे दोनच अर्थ लोकांना ठाऊक आहेत. एक गाडिया लोहारांचा. चितोड १५६८ साली पडले तेव्हापासून घरात न राहण्याची शपथ त्यांच्या पूर्वजांनी वाहिली असे ते परंपरेने सांगतात. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडच्या किल्ल्यात नेले, तरी त्यांच्या गाड्या आपल्या खानदेशच्या रस्त्यांवर पुढेही दिसत राहिल्या. दुसरा अर्थ ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. दिवाळी सरली की आपल्याच जिल्ह्यातील कितीतरी बिऱ्हाडे भांडीकुंडी, पोरेबाळे घेऊन कारखान्याची वाट धरतात. दोन्हींकडे चाकांवरील बिऱ्हाड हे नाइलाजाचे बिऱ्हाड आहे. संपन्न समजल्या जाणाऱ्या अमेरिकेतही हाच प्रकार आहे. तेथे २००८ च्या मंदीनंतर घर न परवडणारी पुष्कळ वयस्क माणसे मोटारगाड्यांतून राहून हंगामी मजुरी करू लागली. त्यांच्यावर जेसिका ब्रूडर या लेखिकेचे पुस्तक २०१७ साली निघाले आणि त्यावरील चित्रपटही गाजला. तेव्हा कुजबुज करणाऱ्यांच्या मनात येणारी शंका अगदीच हवेतून आलेली नाही.

परंतु तिसराही एक अर्थ आपल्याच घरात होता. आपली ज्ञाती पिढीजात लाकडाचे काम करणारी. माझे वडील छकडे आणि दमण्या बनवीत. दमणी म्हणजे काय हे तरुणांना सांगावे लागेल : बसण्याची, वरून आच्छादन घातलेली, हलकी बैलगाडी. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरली की खेड्यापाड्यांतून अशा गाड्या निघत, बोरीच्या वाळवंटात सुटत, आणि गाडीखाली व गाडीत आठ-आठ दिवस संसार चाले. चैत्रात सप्तशृंगीला जाणारेही असेच जात. गादी, पाण्याचा डेरा, पिठाचा डबा, कंदील, बैलांची वैरण, सारे गाडीत. आजी-आजोबा अशा गाडीतून निघाले तेव्हा मुलांनी त्यांना हाकलले असे कोणी म्हटले नाही. मग त्याच आजी-आजोबांच्या नातवाने इंजिनाच्या गाडीतून निघावे, तर त्यात लाज कसली? निवृत्तीचे पैसे त्याने घाम गाळून मिळविलेले आहेत. ते त्याने पाहावयाचे राहून गेलेले पाहण्यासाठी खर्च केले तर मुलासुनांनी कपाळाला आठी घालू नये, आणि शेजाऱ्यांनी तर मुळीच घालू नये.

आता बसकडे वळतो.

जुन्या बसला दुसरा जन्म देण्याची कल्पना नवी नाही. पुण्यात शहरातील जुन्या बसगाड्यांची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे करण्यात आली. ‘ती’ या नावाचा तो उपक्रम २०१६ पासूनचा आहे. टाळेबंदीच्या काळात, २०२० साली, आपल्या एस.टी.ने जुन्या गाड्यांतील आसने काढून त्या मालवाहतुकीला लावल्या. त्याच वर्षी केरळच्या सरकारी परिवहन मंडळाने मुन्नार येथील आगारात जुन्या बसमध्ये निजण्याचे कप्पे केले आणि शंभर रुपयांत प्रवाशाला रात्रीचा आसरा दिला. अमेरिकेत तर शाळेच्या बसचे घर करणाऱ्यांचा मोठा संप्रदायच आहे. तेथील शाळांच्या बसचा पिवळा रंग १९३९ साली न्यूयॉर्कला भरलेल्या एका परिषदेत ठरला, डॉ. फ्रँक सायर या शिक्षणशास्त्रज्ञाने ती भरविली होती. पहाटेच्या व संध्याकाळच्या अंधुक उजेडात तो रंग चटकन नजरेत भरतो, हे त्यामागचे कारण. एका मास्तराने सुचविलेला रंग जगभर गेला, ही गोष्ट मास्तर म्हणून मला सांगावीशी वाटली, एवढेच.

मात्र या उदाहरणांत एक भेद आहे, तो ध्यानात घ्या. पुण्याची आणि मुन्नारची गाडी मुक्कामाला उभी राहिली. एस.टी.ची मालगाडी धावली, पण ती सरकारी मंडळाची, त्याच्याच कार्यशाळेत तयार झालेली. खाजगी मालकाने जुन्या बसची बाके उपटून, तीत खाट व चूल मांडून ती रस्त्यावर आणावयाची, हे आपल्याकडे कायद्याच्या दृष्टीने निराळे प्रकरण आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, उत्पादकाने मूळ नमूद केलेला आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने वाहनात करू नये. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी एका निकालात हे कलम कडकपणे लागू केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफाराला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. शाळेची बस ही कायद्याने ‘परिवहन वाहन’ होय. तिचा परवाना, तिचा कर, तिची योग्यतेची तपासणी सारे त्या नात्याने चालते. आणि आठ वर्षांनंतर ही तपासणी दरवर्षी करावी लागते. चाळीस आसनांची नोंद असलेल्या गाडीत दोन खाटा सापडल्या, तर नाक्यावरचा अधिकारी आपले भाषण ऐकत बसणार नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करण्यास तेवढे निमित्त पुरे.

याचा अर्थ सरकारला चाकांवरील घर मान्य नाही असा मुळीच नाही. खाजगी वापराच्या कॅम्पर गाड्यांचा वर्ग केंद्र सरकारने मानलेला आहे. अशा गाड्यांची बांधणी कशी असावी याचे ‘एआयएस १२४’ नावाचे मानक आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. दार आहे, फक्त ते बाजूच्या गल्लीतून उघडत नाही. मान्यताप्राप्त बांधणीकाराकडून, मान्य आराखड्यानुसार, परिवहन कार्यालयाची लेखी परवानगी हातात पडल्यावर काम करावयाचे, असा तो रस्ता आहे. आपल्यातील उत्साही मंडळी म्हणतात, “आधी करून टाकू, मग पाहून घेऊ.” वडील लाकूड कापण्यापूर्वी दोनदा मोजीत. येथे तर मोजण्याआधी कागद हवा.

कागद मिळाला असे क्षणभर धरून चालू. मग प्रश्न वजनाचा. बैलगाडी बनविणाऱ्याच्या मुलाला हा प्रश्न शिकवावा लागत नाही. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, पुढे झाले की जू बैलांच्या मानेवर बसते. बसला मान नाही, पण आख आहे, पाटे आहेत, ब्रेक आहेत. हिशेब करून पाहू. चाळीस मुले, प्रत्येकी सरासरी तीस किलो धरली, तर बाराशे किलो. आता आपले घर : अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा एक तक्ता पस्तीस किलोच्या आसपास भरतो, दहा तक्ते म्हणजे साडेतीनशे. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. दोन मोठ्या बॅटऱ्या शंभरावर जातात. दोन माणसे, शीतपेटी, शेगडी, सिलिंडर, अंथरूण-पांघरूण, धान्य, आणि आपल्या भगिनी कितीही कमी केले तरी बरोबर घेतीलच तो लोणच्याचा बरणीसंच, हे सारे चारशेच्या खाली येत नाही. बेरीज हजारापलीकडे गेली. बाराशेच्या आत आहे ना, असे कोणी म्हणेल. परंतु मुले दुपारी घरी जातात. कपाट जात नाही. मुलांचे ओझे गाडीभर सारखे पसरलेले असते. पाण्याची टाकी एका कोपऱ्यात बसते आणि वळणावर आत हिंदकळते. म्हणून टाकी खाली, दोन आखांच्या मध्ये, आणि तिच्या समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाच्या बॅटऱ्या, असेच मांडले पाहिजे. टपावर काही म्हणजे काही ठेवू नये.

सुतारकामाविषयी या सभेत बोलणे म्हणजे काशीला गंगाजल नेणे. तरीही घरातील कपाट आणि गाडीतील कपाट यांत फरक आहे. घरातील कपाट उभे असते. गाडीतील कपाट पारोळ्याच्या रस्त्याने जाते! नुसते खिळे आठ दिवसांत ढिले होतात. कूस आणि खाचेचा सांधा, त्याला आरपार बोल्ट, आणि बोल्टाला न सुटणारा नट, एवढे हवेच. प्रत्येक कप्प्याला बाहेरून अडसर हवा, नाहीतर पहिल्याच गतिरोधकावर डबे अंगावर येतील. शाळेच्या बसला संकटकाळी बाहेर पडण्याचे दार असते. खाट टाकावयास तीच जागा सर्वांना सोयीची वाटते. तेथे खाट टाकणे मला मान्य नाही. शेगडीचा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून वायू निघून जाण्यास भोक खाली ठेवावयाचे, वर नव्हे. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्यांनाही ही गोष्ट पुष्कळदा माहीत नसते.

विजेचाही एक हिशेब सांगून टाकतो, कारण सूचनेत वातानुकूलनाचा उल्लेख आहे. बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-तासांची एक बॅटरी म्हणजे अठराशे वॉट-तास. साधी आम्लाची बॅटरी असेल तर तिच्यातील निम्मीच वीज वापरावी, म्हणजे नऊशे. तीस वॉटचे दोन पंखे आठ तास चालविले तर चारशे ऐंशी खर्च झाले, दिव्यांना पन्नास. भागले. परंतु एक टनाचे यंत्र तासाला हजाराच्या घरात वीज खाते. तासाभरात सारे आटोपले. आणि आपल्या खानदेशात वैशाखात पत्र्याच्या बंद खोलीत काय होते ते मी सांगावयास नको. तेव्हा पत्र्याखाली उष्णतारोधक थर, खिडक्यांना जाळ्या, आणि चैत्र-वैशाखात घरीच मुक्काम, हाच उपाय. सूर्यप्रकाशावरील तबकड्यांनी बॅटरी भरेल; ऊन मात्र कमी होणार नाही.

येथवर सारे पुरुषांचे बोलणे झाले. मी हा आराखडा घरी कागदावर काढला आणि मोठ्या उत्साहाने सौभाग्यवतींना दाखविला. खाट येथे, टाकी येथे, ओटा येथे. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि अहिराणीत जे म्हटले ते मी प्रमाण भाषेत सांगतो : “अहो, तुम्ही निवृत्त झालात तेव्हा शाळा मागे राहिली. माझा ओटा तर तुम्ही बरोबर घेतला आहे. मग मी निवृत्त कधी व्हायचे?”

मी निरुत्तर झालो, आणि सभेतील पुरुषांना माझे सांगणे आहे की त्यांनीही या प्रश्नापुढे थोडे थांबावे. माझ्या नोकरीत सात बदल्या झाल्या. सौभाग्यवतींचा प्रवास म्हणजे सात वेळा टेम्पोत भांडी चढविणे आणि उतरविणे. त्यांनी पंढरपूर पाहिले, वणी पाहिली. समुद्र पाहिला नाही. आता त्यांना प्रवास घडवावयाचा, आणि त्यातही सकाळी उठून चहा, दहाला पोळ्या, संध्याकाळी खिचडी, वर पाणी मोजून वापरावयाचे, तर हा प्रवास कोणाचा झाला? मुन्नारच्या त्या बसमध्ये चूल नव्हती, निजावयास जागा होती. प्रवासी बाहेर जेवीत. माझ्या मते तेच योग्य. गाडीत चहापुरती शेगडी असावी, औषधाच्या वेळी दूध तापविण्यापुरती. जेवण रस्त्याच्या खाणावळीत, देवस्थानच्या अन्नछत्रात, किंवा ज्ञातिबांधवांच्या घरी. आणि ज्या दिवशी शिजवावयाचेच असेल त्या दिवशी पुरुषाने शिजवावे. मला पिठले येते.

दुसरी गोष्टही त्यांनीच दाखविली. बसची पहिली पायरी सुमारे दीड फूट उंच. मुले ती उडी मारून चढतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी रात्री दोनदा लघवीसाठी अंधारात ती कशी उतरावी? तेव्हा आतील स्वच्छतागृह ही चैन नव्हे. उलट खाट अरुंद झाली तरी चालेल पण ते हवे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धरावयास दांडे हवेत. बाहेर वेगळी खालची पायरी, मोकळी, काढून ठेवता येणारी. हे आराखडे काढणाऱ्या एकाही तरुणाच्या ध्यानात आले नव्हते. त्यांचा दोष नाही. त्यांचे गुडघे चांगले आहेत.

आणि गाडी चालविणार कोण? साडेसात हजार किलोंपर्यंतच्या भारित वजनाची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालते. त्याहून जड गाडीला वेगळा परवाना लागतो. पंचावन्न वर्षांनंतर परवाना पाच-पाच वर्षांनीच नवा होतो आणि चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो. ही अट मला अगदी योग्य वाटते. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात हे आपण साठीचे लोक एकमेकांजवळ कबूल करतो, मुलांजवळ करीत नाही. तेव्हा पगारी चालक धरावा लागेल, आणि मग त्याच्या निजण्याची तिसरी खाट आली. ती आराखड्यात नाही.

या सर्वांवरून माझे मत असे झाले आहे. ही बस घेऊ नये. चौदा वर्षे दररोज शेकडो वेळा थांबलेली व निघालेली गाडी, तिचे इंजिन आणि सांगाडा थकलेला; तीवर मंडळाचा पैसा घालावयाचा, आणि तोही वसतिगृहाच्या निधीतून उसना घेऊन, हे मला पटत नाही. वसतिगृहात ज्यांची मुले आहेत त्या आयाबापांनी आजच्या सभेत काही म्हटले नाही म्हणून त्यांची संमती आहे असे समजू नये. स्वस्त बस महाग कशी पडते हे सूचकांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. उत्साहात ते बाजूला राहिले असावे.

पण प्रवास सोडू नये, असे माझे तितकेच आग्रहाचे सांगणे आहे. यंदा मान्यताप्राप्त, नोंदणी असलेली कॅरॅव्हॅन चालकासह भाड्याने घेऊन दोन दांपत्यांनी चार दिवस जाऊन यावे. खर्च ज्याचा त्याने करावा. काय अडते, काय पुरते, हे त्यांनी वहीत लिहावे. लांब जाण्याचे कारण नाही : चोपड्याकडून उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, तेथून तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव, परतताना पद्मालय. ज्यांना गाडीची दगदग नको त्यांनी एस.टी.ला कमी लेखू नये. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेलेली पहिली एस.टी. लाकडी बांधणीची होती, हे आपल्या ज्ञातीने तरी विसरू नये; आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना तिने तिकीट माफ केले आहे. चार दिवसांची वही हाती आली की आपले कारागीर, आपले एस.टी.चे अनुभवी बंधू आणि दोन भगिनी यांनी बसून नवा आराखडा काढावा आणि तो घेऊन परिवहन कार्यालयात जावे. लाकूडकाम आपल्या हातचे असेल तर ते मान्यताप्राप्त बांधणीकारही मागून घेतील, अशी माझी खात्री आहे.

दुपारच्या बैठकीत ही उपसूचना मी मांडणार आहे. पहिल्या चार दिवसांच्या प्रवासासाठी नावे चिटणीसांजवळ द्यावीत. नावापुढे आपली उंची, गुडघ्यांची व डोळ्यांची तक्रार, आणि चालू असलेली औषधे लिहावीत. पत्नीचे नाव पतीने लिहू नये. त्यांनी आपले नाव आपल्या हाताने लिहावे. आमच्या घरचे नाव कालच दिले गेले आहे, आणि त्यापुढे ‘स्वयंपाक करणार नाही’ असा शेरा आहे.